बाबांच्या श्वासाचं माप

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी आले होते ते हेच सांगायला. आईने गरम थालीपीठ वाढलं, बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि विचारलं, "मग, ठरली का ऑपरेशनची तारीख?" मी "बघते" म्हणून हात धुवायला उठले. खरं म्हणजे तारीख मी शुक्रवारीच रद्द करून टाकली होती. तुम्हाला न विचारता. तेव्हापासून घास गोड लागत नाही, म्हणून लिहायला बसले. फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता, आणि आईने जेवलीस का विचारलं असतं.

बाबा, रागावण्याआधी सगळं वाचा. चष्मा लावून वाचा.

बायपासनंतर तुमचा श्वासाचा डावा पडदा, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायू, हलेनासा झाला, तो नसेमुळे. ही फ्रेनिक नस मानेतून निघते, छातीत हृदयाच्या अगदी कडेने उतरते आणि पडद्यात शिरते. हृदय थंड ठेवायला बर्फ वापरतात त्याने, किंवा छातीच्या आतली रक्तवाहिनी सोडवून घेताना, तिला इजा होऊ शकते. कुणाला दोष द्यायला हे लिहीत नाही. फॉर्मवर सही माझी होती, ते मात्र मला विसरता येत नाही.

आता जे ऑपरेशन सुचवलंय, त्यात ढिला पडलेला पडदा घड्या घालून, टाके मारून, ताणून बसवतात. त्याने दम कमी लागतो, हे खरं. पण त्याने नस जागी होत नाही. आणि नस आपली आपण जागी होत असेल तर? तुम्ही म्हणालात, "एकदाचं काय ते करून टाका, पोरांच्या मागची कटकट जाईल." बाबा, असं पुन्हा म्हणू नका. आई आत जाऊन रडली त्या दिवशी.

परळच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं तुमचं. कुणी "अंदाजाने बसेल" म्हटलं की तुम्ही त्याला मायक्रोमीटर आणायला परत पाठवायचात. आमच्या उंचीच्या खुणासुद्धा दारावर स्टीलची पट्टी आडवी धरूनच केल्यात. म्हणून तुमच्याच पद्धतीने सांगते.

पहिली सोनोग्राफी आठवते? बाईंनी बरगड्यांच्या कडेला तो थंड जेल लावला, तुम्ही दचकलात. यंत्राच्या स्क्रीनवर दोन पांढऱ्या रेघा दिसत होत्या आणि मधे काळी पट्टी. ती काळी पट्टी म्हणजे तुमच्या पडद्याचा स्नायू. १.५ मिलिमीटर जाड. पूर्ण श्वास घेतल्यावर ती फुगायला हवी, निदान २० टक्के तरी. तुमची १.६ झाली. म्हणजे ७ टक्क्यांच्या आसपास. मग त्या म्हणाल्या, "काका, नाकाने झटकन हुंगा," आणि तुम्ही लालबागच्या मसाल्याच्या दुकानात ओढता तसा श्वास ओढलात. उजवा पडदा सरळ खाली गेला. डावा ४ मिलिमीटर वर आला. उलटा! मेलेल्या दोरीसारखा, उजवा ओढेल तसा फरपटत. मी तिथे काही बोलले नाही, बाहेर येऊन दादाला फोन केला.

आता परवाची सोनोग्राफी. त्याच बाई, तीच जागा, तुम्ही तसेच टेकून बसलेले, सकाळी रिकाम्या पोटीच. हे मी मुद्दाम जमवून आणलं, कारण दर वेळी माप धरणारा हात बदलला तर मापाला अर्थ नाही, हे मी तुमच्याकडूनच शिकले. १.५ ची पट्टी आता १.७५ पर्यंत फुगली, म्हणजे १७ टक्के. आणि हुंगल्यावर डावा पडदा ६ मिलिमीटर खाली गेला. थोडाच, पण खाली. ज्या दिशेने जायला हवा त्या दिशेने.

फुंकायच्या नळीचंही तसंच, एका दमात किती हवा बाहेर पडते त्याचं माप. पहिल्यांदा बसून २.४ लिटर, आडवं होऊन १.९. आडवं झाल्यावर थोडं कमी सगळ्यांचंच होतं, पण तुमचं पाचवा हिस्सा कमी झालं होतं. या वेळी बसून २.६ आणि आडवं होऊन २.२५. फरक १३ टक्क्यांवर आला. मी ते आकडे टॅक्सीत परत परत मांडून बघितले. मला पाहिजे म्हणून तर ते चांगले दिसत नाहीत ना, अशी भीती वाटत होती. मग दुसऱ्या छातीच्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, थांबा, अजून काही महिने देऊन बघू. दुखावलेली नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, महिन्याला जेमतेम इंचभर. तिला घाई करून चालत नाही. पुढे मापं जागच्या जागीच अडकली, तर ऑपरेशन आहेच. तो रस्ता मी बंद केलेला नाही. आणि तेव्हा तुम्ही ठरवाल, मी नाही.

लहानपणी उन्हाळ्यात गॅलरीत झोपायचो, तेव्हा मी तुमच्या पोटावर डोकं ठेवायचे. डोकं वर जायचं, खाली यायचं, आणि मी त्यावर मोजत झोपून जायचे. हॉस्पिटलात त्या पहिल्या रात्री चादर बाजूला झाली होती. उजवी बाजू उचलली जात होती आणि डावी नुसती पडून होती. मी मोजायला लागले आणि मोजताच येईना. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आता ऐका, आणि दोघांनीही ऐका.

सपाट झोपायचं नाही. आडवं झालं की पोट वर ढकलतं, आणि पडदा कमजोर असला की त्याला ते पेलत नाही. पहाटे स्वप्नं पडतात त्या झोपेत तर बरगड्यांचे स्नायू ढिले पडतात, सगळा भार पडद्यावरच येतो. म्हणून तो वर उचलायचा पलंग भाड्याने सांगितलाय, शनिवारी येईल. कपाटाजवळ बसतो, मी रविवारी टेपने मोजून गेले, आईचं शिवणयंत्र हलवावं लागणार नाही. भाड्याचं विचारू नका. आई, तुझी गादी त्याला लागूनच टाक, म्हणजे रात्री हात लावून बघता येईल. बघतेसच तू.

श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचं ते व्यायामाचं यंत्र दर तासाला, चहाच्या आधी. रात्रीचं जेवण साडेसातला, आणि पोटाला तड लागेपर्यंत नाही. दोन मजले एका दमात चढायचे नाहीत. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना सांगून ठेवलंय, त्यांच्या दाराशी स्टूल असेल. त्यावर बसण्यात कसली लाज? तुम्ही त्यांच्या मुलीच्या लग्नात चार दिवस राबलात. आई, घरात मिरच्या भाजू नकोस. यंदाचा मसाला मी बाहेरून कांडून आणते, तुझ्याच मापाने, खडा मसाला तू काढून दे. आणि ताप आला, ओठ काळसर दिसले किंवा बसल्याजागी दम लागला, तर माझ्या ऑफिसच्या वेळेचा विचार न करता फोन करायचा. अप्पांच्या वेळेसारखं "उगाच कशाला" नको.

पुढचं माप श्रावणात घेऊन टाकू. गणपतीत लालबागमधून गाडी बाहेर निघायची नाही. त्या दिवशी सकाळी काही खाऊ नका, डावी बाजू पोटातल्या गॅसमुळे आधीच नीट दिसत नाही. डबा मी आणते, तपासणी झाली की तिथेच खा.

न विचारता केलं, ते चुकलंच. पण केलंय ते बदलावंसं वाटत नाही. येत्या रविवारी येते, तेव्हा काय बोलायचं ते बोला. टीव्ही बंद करून.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, परवा तुम्ही बाईंना विचारलंत ना, की यंत्र सगळ्यात बारीक किती मोजतं, ते त्यांना फार आवडलं. पुढच्या वेळी दाखवते म्हणाल्यात.