आधी पाणी, मग चिखल

ताई,

स. न. वि. वि.

नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं ताई. शोधनिबंधाच्या शेवटी तुमच्या वाट्याला एक ओळ येणार आहे: 'नमुने घेण्यास साहाय्य केले.' ती टाइप करताना माझं मलाच हसू आलं. म्हणून हे पत्र, सगळ्यांदेखत.

जहाजावर मी आलो तो चिखलवाला म्हणून. समुद्रतळावर जुने भूकंप शोधायचे तर टर्बिडाइटचे, म्हणजे गढूळ लोंढ्यांनी आणून टाकलेले, थर मोजायचे, एवढंच डोक्यात. उतार ढासळतो, गढूळ लोंढा घळीतून खाली जातो, खोल तळावर खाली वाळू आणि वर बारीक माती असा थर बसतो. असा लोंढा वादळानेही येतो, पुरानेही येतो. मग भूकंपाचा लोंढा ओळखायचा कसा? त्यावर भूशास्त्रज्ञ जॉन अ‍ॅडम्स यांनी १९९० मध्ये कॅस्केडियाबाबत, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या भूकंपप्रवण पट्ट्याबाबत, मांडलेला युक्तिवाद मला तोंडपाठ होता. माझामा ज्वालामुखीची सुमारे ७,७०० वर्षांपूर्वीची राख जिथे पहिल्यांदा दिसते, तिथून वर वेगवेगळ्या उपघळ्यांत प्रत्येकी १३ थर. आणि त्या एकत्र मिळाल्यावर खालच्या घळीतही १३च. उतार वेगवेगळ्या वेळी ढासळले असते तर खाली बेरीज दिसली असती. सगळे एकाच वेळी हादरले, एवढाच अर्थ उरतो. अजूनही हा युक्तिवाद मला फार देखणा वाटतो.

आणि मग तो गॅसवाला कोअर, म्हणजे तळात नळी खुपसून काढलेला चिखलाचा लांब नमुना, वर आला. वर येताना दाब उतरतो, पाणी कोमट होत जातं, आणि पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात कोंडलेला मिथेन सुटायला लागतो; अशा १ घनमीटर बर्फासारख्या हायड्रेटमधून सुमारे १६४ घनमीटर वायू. नळीच्या तोंडातून चिखल आपोआप बाहेर सरकत होता, डेकभर सडक्या अंड्यांचा वास. आम्ही सगळे फसफसणारे पांढरे तुकडे बघायला धावलो. तुम्ही मात्र ड्रिल घेऊन नळीला ठरलेल्या अंतरावर भोकं पाडत होतात. "आधी पाणी, मग चिखल! फोटो नंतर." प्रत्येक भोकात ती बारीक सच्छिद्र नळी, तिला सिरिंज, दट्ट्या मागे ओढलेला, आणि तो परत आत जाऊ नये म्हणून मध्ये अडकवलेली लाकडी पट्टी. पट्ट्या तुम्ही स्वतः कापून आणल्या होत्या. सिरिंजमध्ये पाणी थेंबथेंब साठेपर्यंत कोअर कापायला तुम्ही कुणाला हात लावू दिला नाही. मुख्य शास्त्रज्ञ घड्याळ दाखवत होते, तरीही नाही.

का, ते रात्री कोल्ड रूमबाहेर लेबलच्या मागच्या कोऱ्या बाजूवर समजावलंत. समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वरून चिखलात झिरपतं, मिथेन खालून चढतो. दोघं जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव दोघांनाही संपवतात. खालून वायू वाढला की ही सीमा वर सरकते आणि सल्फेटची सरळ उतरती रेघ वाकते. सीमेच्या जरा वर बॅराइट, म्हणजे बेरियम सल्फेटचं खनिज, साचतं. किती साचलं यावरून सीमा तिथे किती काळ आहे याचा अंदाज बांधता येतो.

मग तुम्ही पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यालगतच्या मकरानचं उदाहरण दिलंत. २८ नोव्हेंबर १९४५च्या पहाटे अरबी समुद्रात ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला, त्याची लाट मुंबईपर्यंत आली, एवढं मला माहीत होतं. २००७ मध्ये 'मेटिओर' जहाजाने तिथून आणलेल्या कोअरमधलं पाणी आणि बॅराइट पाहून, वायूचा प्रवाह काही दशकांपूर्वी वाढला आणि त्यामागे तोच भूकंप असावा, असं संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलं. भूकंपापासून निदान ७४ लाख घनमीटर मिथेन बाहेर पडला असावा, हा त्यांचा हिशेब. हे मी कधी वाचलंच नव्हतं. चिखलवाले पाणीवाल्यांचं वाचत नाहीत, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड.

मी हुरळून "म्हणजे रेघ वाकली की भूकंप?" असं विचारल्यावर तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. वायूला वाट मिळायला इतरही कारणं पुरतात. शिवाय पाण्यातली खूण टिकत नाही. रेणू पसरत जातात, वाकलेली रेघ पुन्हा सरळ होते. हजारो वर्षांसाठी थर, गेल्या काही दशकांसाठी पाणी, आणि एकाची साक्ष दुसऱ्याकडून तपासून घ्यायची. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण हेच आहे. मार्गदर्शकांनी ते नव्याने लिहायला लावलं नाही, असं ते एकमेव प्रकरण.

पुढच्या मोहिमेला तुम्ही नसाल असं कळलं. लाकडी पट्ट्यांचं माप मी नव्या मुलांना काढून दिलंय आणि मुख्य शास्त्रज्ञांना आधीच सांगून ठेवलंय की पाणी निघेपर्यंत कोअर कापला जाणार नाही. त्यांनी विचारलं, हा नियम कुणाचा. तुमचं नाव सांगितलं, तेवढं मात्र चालवून घ्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
चिखलवाला