चार तासांसाठी उभे असलेले वीजकेंद्र

सोलापूर

प्रिय वसंत,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. वर्षातला बहुतेक काळ बंद राहणारे वायूवरचे वीजकेंद्र म्हणजे पैशाची निव्वळ राखरांगोळी, असे तू लिहिलेस. बँकेत हयात घालवलेल्या माणसाने दुसरे काय म्हणावे! पण वीज गोदामात भरून ठेवता येत नाही; मागणी ज्या क्षणी, निर्मितीही त्याच क्षणी करावी लागते.

आमच्याकडचा मे महिना तुला ठाऊक आहे. पारा ४३ अंशांवर गेला तरी भर दुपार हल्ली सौरविजेवर निभावते. खरी कसोटी दिवेलागणीला लागते, कारण सौरवीज शून्यावर येते, भिंती मात्र तापलेल्याच असल्याने कूलर थांबत नाहीत आणि यंत्रमागांची खडखडही चालूच असते. उपकेंद्रात असताना त्या वेळी माझी नजर फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे विजेच्या दर सेकंदाच्या आवर्तनांच्या, मीटरवरून हलत नसे; मागणी निर्मितीपेक्षा वाढली की ती घसरते. काटा ५० हर्ट्‌झ सोडून एकोणपन्नासाकडे झुकू लागला, की मागणी-निर्मितीचा मेळ घालणाऱ्या भार प्रेषण केंद्राचा फोन येणार आणि कोणता तरी फीडर, म्हणजे एखाद्या भागाची वीजवाहिनी, बंद करावा लागणार, हे ठरलेलेच असे.

तू म्हणशील, शेजारी एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा कोळशाचा प्रकल्प आहे की. आहे, पण ६६० मेगावॉटचा थंड पडलेला संच पूर्ण भारावर यायला कित्येक तास लागतात, कारण बॉयलरचे आणि टर्बाइनचे जाड धातू घाईने तापवले तर त्यांना तडे जातात. वायूचे साधे टर्बाइन विमानाच्या इंजिनाच्या जातकुळीचे असते. त्यात हवा दाबून वायू जाळतात आणि त्या झोतावर पाती फिरतात. वाफेची भानगडच नसल्याने ते दहा-पंधरा मिनिटांत पूर्ण भार उचलते. मात्र इंधनातली जेमतेम ३५ ते ४० टक्केच ऊर्जा हाती लागते, बाकीची गरम धुराबरोबर जाते. त्या धुरावर वाफेचे दुसरे टर्बाइन चालवले तर हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या वर जाते, पण मग चपळाई कमी होते. रोज दोन-चार तासच चालवायचे असेल, तर ही उधळपट्टी परवडते. केंद्र बंद असतानाही त्याला पैसे मिळतात ते या तयारीचे. तुझ्या वीजबिलात ‘स्थिर आकार’ असतो, त्याच्यामागचे तत्त्व हेच.

तरीही मी या केंद्रांचा आंधळा भक्त नाही. २०२४ मध्ये देशात सुमारे २५,००० मेगावॉटची वायूकेंद्रे होती, पण त्यांतली बहुतेक अखंड चालवण्यासाठी बांधलेली. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू अपेक्षेइतका निघाला नाही, आयात केलेला महाग पडतो, म्हणून ती ओस पडली. २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारला खास आदेश काढून ती चालवायला लावावी लागली. ३० मे रोजी देशाची मागणी २५० गिगावॉटवर, म्हणजे अडीच लाख मेगावॉटवर, पोचली होती. महाराष्ट्रात संध्याकाळची वाढीव मागणी भागवण्याचे काम मुख्यतः कोयनेचे जलविद्युत केंद्र करते, आणि तेही स्वस्तात. पण पश्चिमेकडे किती पाणी वळवायचे याला कृष्णा पाणीवाटप लवादाची मर्यादा आहे.

आता बॅटऱ्यांचा बोलबाला आहे. संध्याकाळचे दोन-चार तास त्या सहज काढतील, हे मला मान्य आहे. पण श्रावणात आठवडाभर आभाळ भरून राहिले, तर त्या भरायच्या कशावर? म्हणून उरणचे ६७२ मेगावॉटचे वायूकेंद्र कोणी भंगारात काढू म्हणाले, तर माझा विरोधच राहील. तुझा हिशेब यावर काय म्हणतो, ते सविस्तर कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधाकर