प्रकाशोपचाराआधी तुकडा तपासा

महोदय,
स. न. वि. वि.

त्वचेच्या कर्करोगावरील फोटोडायनॅमिक थेरपीबद्दल (मलम लावून त्यावर प्रकाश टाकण्याच्या उपचाराबद्दल) आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. हा विषय मराठीत आला याचा आनंद आहे. पण हा उपचार कोणाला चालतो, हेच त्यात आलेले नाही.

माझ्या आईच्या नाकाशेजारी काळपट ठिपका होता. बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग आपल्या सावळ्या कातडीवर पुष्कळदा काळाच दिसतो, म्हणून दोन वर्षे आम्ही तो तीळ समजलो. ‘वरवरचा असेल तर लाइट देता येईल,’ असे डॉक्टर म्हणाले आणि घरात धसकाच बसला, कारण आपल्याकडे लाइट देणे म्हणजे शेक, रेडिएशन. हे तसे नव्हे. अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाचे किंवा त्याच्या मिथाइल रूपाचे मलम लावून जागा साधारण तीन तास झाकून ठेवतात. पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन हे प्रकाशाने चेतणारे द्रव्य बनवतात आणि ते रोगट पेशींत जास्त साठते. मग ६३० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश पडला की तिथला ऑक्सिजन उग्र होऊन त्या पेशी मारतो. उपचाराच्या वेळी जळजळ होते, काहींना ती सोसवत नाही. पण व्रण सहसा राहत नाही.

अडचण खोलीची आहे. मलम कातडीत दोनेक मिलिमीटरपलीकडे नीट पोचत नाही. त्यामुळे ॲक्टिनिक केराटोसिस (उन्हाने येणारे, कर्करोगाआधीचे खरखरीत चट्टे), बोवेन्स डिसीज (कातडीच्या वरच्या थरातच असलेला कर्करोग), वरवरचा बेसल सेल यांनाच मुख्यतः हा उपचार. मेलानोमाला, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाला, मुळीच नाही. वरवरच्या गाठीतही तो हमखास नाही. नेदरलँड्समध्ये ६०१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत पाच वर्षांनंतर या उपचाराने ६२.७ टक्के रुग्ण रोगमुक्त राहिले, तर इमिक्विमॉड या घरी लावायच्या मलमाने ८०.५ टक्के. हे आकडे लेखात हवे होते.

आईच्या ठिपक्याचा तुकडा काढून तपासला (बायॉप्सी) तेव्हा गाठ खोलवर गेलेली निघाली. शस्त्रक्रिया झाली, नऊ टाके पडले, आज ती ठणठणीत आहे. तपासणीविना लाइट दिला असता तर वरची कातडी भरून आली असती आणि रोग आत वाढत राहिला असता. या विचाराने अजून अंगावर काटा येतो.

पुढच्या पुरवणीत एवढी चौकट जरूर छापावी: आधी तुकडा तपासा, गाठ किती खोल आहे ते विचारा, मगच उपचार ठरवा. आपल्या लेखाचे कात्रण घेऊन शेजारच्या काकू कालच आमच्याकडे आल्या होत्या. त्यांच्या कपाळावरची न भरणारी जखम अजून कोणी तपासलेली नाही.

— एक वाचक, सातारा