स्फटिक घाई ओळखत नाही

संपादक महोदय,

प्रथिनांसारख्या जैवरेणूंच्या रचनेवर नोबेल मिळाले की प्रयोगशाळाप्रमुखांची छायाचित्रे छापून येतात. उपकरणापाशी रात्री जागवणारा मात्र बहुतेकदा पीएच.डी.नंतरचा, एक-दोन वर्षांच्या करारावरचा संशोधक असतो. ३ मिलिमीटर व्यासाच्या जाळीवर प्रथिनाचा थेंब ठेवायचा, जादा पाणी टिपकागदाने शोषायचे आणि क्षणात जाळी अतिथंड द्रवरूप इथेनमध्ये बुडवायची. पाणी काचेसारखे गोठले तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसणार. बर्फाचे स्फटिक झाले, की पुन्हा पहिल्यापासून. क्ष-किरणांच्या पद्धतीत उलटे, तिथे प्रथिनाचा चांगला स्फटिक मिळवण्यातच महिनोन्‌महिने जातात.

ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाचे क्ष-किरण छायाचित्र १९३५ मध्ये प्रसिद्ध केले आणि रचना उलगडली १९६९ मध्ये! आज साधने कितीतरी वेगवान आहेत, हे मान्य. पण पेशीच्या पटलातली प्रथिने अजूनही दाद लागू देत नाहीत. नमुना जमू लागतो आणि नेमका तेव्हाच करार संपतो. हातात मुरलेले कौशल्य त्या माणसाबरोबर निघून जाते, हे मला फार लागते. या नेमणुका किमान ५ वर्षांच्या हव्यात आणि फसलेल्या प्रयत्नांच्या नोंदीही मूल्यमापनात धराव्यात.

– एक वाचक