हात दुखतोय? आधी टेबलाची उंची बघा

संपादक महोदय,

दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांचे हात दुखायला लागले की लगेच बाम, पट्टा, पेनकिलर सुरू होतं, पण बसायची पद्धत कोणी बघतच नाही, म्हणून हे पत्र. टेबल उंच असेल तर खांदे नकळत वर उचलले जातात आणि मानेपासून बोटांपर्यंत सगळं आखडतं. कोपर साधारण 90 ते 110 अंशात, अंगाजवळ हवं, मनगट सरळ हवं. कीबोर्डच्या मागचे छोटे पाय तर बंदच ठेवा, त्याने मनगट वर वाकतं आणि आतल्या नसेवर दाब वाढतो. ही नस अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाकडे जाते, म्हणून तिथेच मुंग्या येतात, रात्री जास्त. करंगळीला मुंग्या येत असतील तर बऱ्याचदा कोपर टेबलाच्या कडेवर टेकवायची सवय नडते. माऊस कीबोर्डला चिकटून ठेवा, लांब हात करून दिवसभर धरला की खांदा दुखणारच.

लॅपटॉपवाल्यांचे सगळ्यात जास्त हाल, स्क्रीन वर घेतली तर हात वर जातात, खाली ठेवली तर मान वाकते, त्यामुळे वेगळा कीबोर्ड घ्याच. आणि कितीही चांगली खुर्ची असली तरी अर्ध्या तासाने उठायला हवं, ऑफिसवाल्यांनी याला कामचुकारपणा म्हणू नये ही कळकळीची विनंती. बधिरपणा राहत असेल किंवा हातातून वस्तू सुटत असतील तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

एक वाचक