नंबर वाढतील का?

रामबाग, इंदूर
५ मार्च

प्रिय शालू,

दिवाळीपासून तुझं पत्र टेबलावर पडून आहे आणि मला उत्तर लिहायला मार्च उजाडला. शिव्या घालून घे आणि मग पुढचं वाच. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आज मला बरंच बोलायचंय. तब्येत ठीक. साखर जिथे होती तिथेच, गुडघा अधूनमधून बोलतो. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्यांना घरातली सगळी जळमटं दिसतात.

आमचं टोळकं प्रयोगशाळांच्या मागे लागलंय हे तुला माहीतच आहे. चार रिटायर्ड मास्तर-मास्तरणी आणि बन्याने गोळा केलेली कॉलेजची पोरं. शाळेत जायचं, प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणायचं, दिसेल ते लिहून काढायचं. एका शाळेत (नाव लिहीत नाही, मुख्याध्यापिका बिचारी चांगली आहे) किल्ली ज्यांच्याकडे ते सर मतदार यादीच्या कामाला गेलेले. ते उन्हातून घामेघूम होऊन आले, कपाट उघडलं. परीक्षानळ्या अजून भुशातच, खोक्यावर पुरवठादाराची चिठ्ठी तशीच. मायक्रोस्कोपला प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीला सुतळीची गाठ, ती इतकी जुनी की कात्रीने कापावी लागली. मी विचारलं, वापरत का नाही? सर म्हणाले, "मॅडम, टूटा तो रजिस्टर में लिखो, और लिखा तो अपनी जेब से भरो." कपाट बंद असलं की काही फुटत नाही! आपण जन्मभर पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून ओरडलो. इथे वस्तू होती, माणूसही होता, मधे एक रजिस्टर आडवं पडलेलं.

मग बारावीच्या प्रॅक्टिकलच्या फायली पाहिल्या. तीस मार्कांचा मामला. साध्या लंबकाच्या प्रयोगात सगळ्या मुलींचं गुरुत्व त्वरण नेमकं पुस्तकातलं ९.८. एकीचंही ९.६ नाही. मला तर आपल्या होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमाच्या शिबिरातली तूच आठवलीस. आठवतंय ना, दगड बदलला की तुझ्या लंबकाचा झोका बदलायचा आणि तू ऐटीत म्हणालीस, वजनाने झोका बदलत नाही म्हणणारा गॅलिलिओ चुकला? दिल्ली विद्यापीठाचे ते सर हसलेसुद्धा नाहीत. "अच्छा, तो पता लगाओ क्यों" म्हणाले आणि गेले जेवायला. आपण दोघी आमटी गार होईपर्यंत दोरा मोजत बसलो. दगड मोठा घेतला की त्याचा मध्य खाली सरकतो, म्हणजे दोरा लांब केल्यासारखंच ते, हे कळलं तेव्हा तू ओरडलीस ते सगळ्या आवाराने ऐकलं. ह्या पोरींना तो घोळ घालायलाच मिळत नाही गं. उत्तर आधी, आकडे मागाहून.

तर हे सगळं कागदावर उतरवून आम्ही एका साहेबांकडे गेलो. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही, तू ओळखशील. जायच्या आदल्या रात्री आमच्या ओट्यावर रणधुमाळी. पोरांना निवेदनात सगळंच हवं होतं: राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्के संशोधनाला, दहा टक्के शिक्षणाला, २०१७ च्या ऑगस्टमध्ये देशभर विज्ञान मोर्चे निघाले तेव्हाच्याच मागण्या. शिवाय दहावीच्या पुस्तकातून वगळलेली उत्क्रांती परत आणा. शिवाय वैज्ञानिक दृष्टी हे नागरिकाचं कर्तव्य म्हणणारं घटनेचं कलम ५१-क. मी म्हटलं, बाबांनो, सगळं खरं आहे. देश संशोधनावर ०.६४ टक्के खर्च करतो ही लाजेची गोष्ट आहे, आणि डार्विन काढला तेव्हा अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी सह्या केल्या त्या काही हौस म्हणून नव्हेत. पण आपण ज्यांच्याकडे चाललोय त्यांच्या हातात ना डार्विन, ना राष्ट्रीय उत्पन्न. त्यांच्या हातात ते रजिस्टर आहे. फुटलेल्या काचेची वसुली बंद करा, एवढंच मागू. बन्या म्हणाला, "मावशी, तुमचं व्हिजन छोटं आहे." मी म्हटलं, बाळा, मोतीबिंदू ह्यांना झालाय, मला नाही.

साहेब तरुण होते, नीट वागले, कागद शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा काढून विचारलं, "इससे बच्चों के नंबर बढ़ेंगे?"

शालू, माझ्या डोळ्यासमोर पिपरियाजवळचा तो पार आणि त्यावर बसलेले सरपंच! शब्दसुद्धा तेच. आणि तू ताडकन म्हणाली होतीस, "नंबर नहीं, सवाल बढ़ेंगे." टाळी पडली ती फक्त आपल्याच लोकांची. गावातल्या एकानेही हात हलवला नाही. तुझ्या त्या टाळीच्या वाक्यापायी मी पुढे किती दिवस त्या सरपंचांच्या ओसरीवर चहा पीत बसले ते तुला कुठे ठाऊक! त्यावरून आपण तीन आठवड्यांच्या शिबिरात अबोला धरला होता, आणि अजूनही माझं मत तेच आहे. तू खरं बोललीस, पण बापाला आपल्या पोराचं काय होणार एवढंच विचारायचं होतं. त्याला तू सुविचार दिलास.

पण आता ऐक. मी तोंड उघडायच्या आत बन्या म्हणाला, "बिलकुल बढ़ेंगे, सर." डोळ्याची पापणी न लववता. साहेब खूश. पेन काढलं, शेरा मारला, दहा शाळांत करून बघू म्हणाले, वसुलीचंही बघतो म्हणाले. पंचवीस पानांचं निवेदन आणि तीन टक्के एकीकडे, आणि ते तीन शब्द एकीकडे. मी गप्प बसले. आणि खरं सांगते, गप्प बसले ते बरंच केलं असं मला अजून वाटतं. फक्त रात्री झोप लागत नाही.

का ते तुलाच कळेल. १९७२ मध्ये १६ शाळांपासून सुरू झालेलं आपलं ते प्रयोगातून विज्ञान शिकवायचं काम, १९७८ मध्ये अख्ख्या होशंगाबाद जिल्ह्यात गेलेलं, २००२ मध्ये एका सरकारी आदेशाने बंद झालं, तेव्हा काय म्हणाले होते? दहावीचे निकाल बघा. जिल्हा नियोजन समितीत प्रयोग चांगले की वाईट ह्यावर कोण भांडलं? निकालावर तोललं आणि संपवलं. आता आम्ही आपणहूनच तोच तराजू साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. उद्या दहा शाळांत नंबर नाही वाढले, तर कपाटाला कुलूप लागेल आणि ह्या वेळी ते पुराव्यासकट लागेल.

बरं, नुसतं साहेबांना का बोलू? भंवरकुआँला संध्याकाळी सहा वाजता उभी राहा. कोचिंगमधून पोरांचा लोंढा सुटतो. त्यांचे आईबाप शेत विकून, दागिने गहाण ठेवून फी भरतात. त्यातल्या एका आईला मी मायक्रोस्कोपचं सांगत होते, तर ती म्हणाली, "दीदी, नीट में आता है क्या?" तिच्यावर रागवायचं कसं? आपण जी मोहीम चालवतो ती कुणाच्या मागणीवरून, हा प्रश्न मला पहिल्यांदा इतका बोचला.

बन्याशी भांडले त्यावरून. तो काय म्हणाला सांगू? "मावशी, तुमच्या काळी आठवीची परीक्षा पुस्तक उघडून द्यायची ना? प्रयोग करून दाखवायला मार्क होते ना? मग तेव्हा नंबर वाढलेच की." कारट्याने बरोबर जागी बोट ठेवलं. आपल्या परीक्षेत करणाऱ्याला मार्क मिळत. पुढे दहावीला पाठांतराची परीक्षा आली तिथे आपली पोरं अडली. म्हणजे कपाट उघडून अर्धंच काम होतं. त्या तीस मार्कांत ९.६ आणून "दोरा मोजताना माझी चूक झाली" असं लिहिणाऱ्या मुलीला ९.८ उतरवणारीपेक्षा जास्त मार्क मिळाले पाहिजेत. ते मागायला हवं होतं. पण ते परीक्षा मंडळाच्या हातात, म्हणजे पुन्हा दुसरं कार्यालय, दुसरे साहेब आणि तोच प्रश्न.

तुझं काय चाललंय? नातवाने अकरावीला काय घेतलं? कोट्याला धाडू नका, एवढं माझं ऐका. सुनेची बदली रद्द झाली का? तुझ्या पायाचं ऑपरेशन लांबवू नकोस, मी येऊन राहीन, पण स्वयंपाक तुझ्या पद्धतीने करणार नाही. सेव पाठवतेय भाच्याबरोबर, लौंगवाली, तुला मनाई असलेली.

आता कामाचं. साहेबांनी दहा शाळांसाठी एक फॉर्म धाडलाय. त्यात शेवटचा रकाना "अपेक्षित परिणाम". बन्याने तिथे पेन्सिलीने "परीक्षा परिणाम में वृद्धि" लिहिलंय. मी ते खोडलंय, पण त्या जागी काय लिहू ते सुचत नाही. तुझा तो सुविचार चालणार नाही, सांगून ठेवते. साहेब सही करतील आणि नंतर आमच्या गळ्याशी येणार नाही असं एक वाक्य दे. सोमवारी फॉर्म द्यायचा आहे, तेव्हा रविवारच्या आत फोन कर. दुपारी दोन ते चार नको, झोपलेली असते.

तुझी,
कुंदा