लेख दुसरे लिहितात, मग तुझं काम काय?

पणजी

ति. आई आणि ति. बाबा,
सा. न.

बाबा, चतुर्थीला तुम्ही विचारलंत, लेख दुसरे लिहितात, फोटो दुसरे काढतात, मग वेबसाइटची संपादक करते काय? गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायच्या गडबडीत सांगायचं राहून गेलं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते.

वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं. वेबसाइटवरचा लेख जात नाही. कितीतरी वर्षांपूर्वीचा लेख आज सकाळी नागपुरात कुणीतरी उघडतं आणि आजचाच समजून वाचतं. माझं निम्मं काम इथेच आहे. गोव्यात विमान दाबोळीलाच उतरतं, असं आमच्या पुष्कळ लेखांत होतं. जानेवारी २०२३ मध्ये उत्तरेकडे पेडणे तालुक्यातल्या मोपाहून विमानं सुरू झाली आणि ते वाक्य सगळीकडे खोटं ठरलं. लिहिणाऱ्याचा त्यात काय दोष? पण पेडण्यात मुक्कामाला येणारा माणूस ते वाचून दाबोळीचं तिकीट काढणार आणि तिथून टॅक्सीने निम्मा गोवा ओलांडून वर येणार. म्हणून एकेक लेख उघडायचा, वाक्य बदलायचं, खाली सुधारल्याची तारीख टाकायची.

सणांच्या लेखांना तर फारच जपावं लागतं. ख्रिस्ती लोकांचा सांजांव दरवर्षी २४ जूनलाच, त्याची काळजी नाही. पण माशेलचा चिखलकाला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, आणि आपल्या विठ्ठलापुरात होड्या सोडतात त्या त्रिपुरारी पौर्णिमेला. कॅलेंडरची तारीख दरवर्षी सरकणार. पूर्वी आमच्याकडे दरवर्षी नवा लेख टाकायचे. मग एकाच जत्रेची चार-चार पानं, आणि गुगल नेमकं जुनं पान वर दाखवायचं. माणसं चुकीच्या दिवशी येऊन रिकामं मैदान बघून परत जायची. आता मी एका सणाला एकच पान ठेवते, त्याच्या लिंकमध्ये साल घालत नाही आणि पंचांग बघून तारीख बदलते. जुन्या लिंकवर कुणी आलंच, तर ते आपोआप या पानावर पोचतं. तिथी लागते कधी, सुटते कधी, हे बघायला तुम्हीच शिकवलंत, बाबा. ते आता फार उपयोगी पडतं.

आई, तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून एका कामात माझा जीव जास्त गुंतलाय. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. फोटो आला की तो अडतो. फोटोमागे आम्ही जे शब्द लिहून ठेवले असतील, तेवढेच त्याला वाचता येतात. बरेच जण तिथे ‘खाद्यपदार्थ’ एवढंच लिहून मोकळे होतात. मी लिहिते, ‘पातेल्यात शिजणारं खतखतं, मक्याच्या कणसाचे तुकडे, वर हिरवी तेफळं.’ ज्यांना दिसतं त्यांच्या नजरेला हे कधी पडत नाही, पण तिथे केलेली टाळाटाळ मला खपत नाही.

श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले लेखही युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत आणतेय. तसे आणल्याशिवाय ते गुगलला सापडतच नाहीत. त्यातले काही लेखक आता नाहीत, म्हणून शुद्धलेखन सुधारते, पण त्यांच्या वाक्याला हात लावत नाही.

आणि शुक्रवारचं न्यूजलेटर. ज्यांनी आपणहून पत्ता दिलाय त्यांनाच ते जातं. कुठून तरी मिळवलेली यादी त्यात घालायला मी ठाम नकार देते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनेही नियम केलाय, की जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजार किंवा जास्त मेल पाठवणाऱ्याने न्यूजलेटर, जाहिरातींच्या मेलमध्ये एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय द्यायलाच हवी. आमची यादी एवढी मोठी नाही, तरी ती सोय आम्ही दिलीय. ज्याला नको त्याच्या दारात उभं राहू नये, असं मला मनापासून वाटतं. मेल साधारण १०२ केबीच्या वर गेला की जीमेल तो मध्येच कापतो आणि तळाची नाव काढायची लिंक झाकली जाते. म्हणून मजकूर आटोपशीर ठेवते.

बाबा, एक काम आहे. विठ्ठलापूरच्या सोहळ्याचा लेख या आठवड्यात सुधारायला घेतलाय. वाळवंटी नदीकडे उतरायची वाट आणि गाड्या ठेवायची जागा त्यात बरोबर लिहिलीय का, हे तुमच्याइतकं नेमकं मला कोण सांगणार? मोठ्या अक्षरात छापून शनिवारी घेऊन येते. समासात जागा सोडलीय, तिथे लिहा.

तुमची,
धाकटी